आवक क्रमांक घेतलात का?

पत्र असं आहे :

काका, सप्रेम नमस्कार. मी तालुक्याच्या गावी राहते, घरी शिकवण्या घेते. आमच्या कॉलनीमागे एक मोकळी जागा आहे. कागदोपत्री 'खेळाचे मैदान', प्रत्यक्षात चार बाभळी, बांबूचे दोन गोलपोस्ट आणि संध्याकाळी पन्नास-साठ पोरं. नगरपरिषदेचा नवा प्रारूप विकास आराखडा आलाय. त्यात मैदानासाठी जागा राखून ठेवणारं हे आरक्षणच नाही, जागा पिवळ्या रंगात दाखवली आहे, म्हणजे रहिवासी विभाग, असं शेजारचे ओव्हरसीअर सांगतात. हरकतींना अजून १७ दिवस आहेत. आम्ही ४३ जणांनी सह्या करून निवेदन नगरसेवकांना दिलं. त्यांनी फोटो काढून घेतला, 'बघतो' म्हणाले. आमचे हे म्हणतात, बिल्डरांची संघटना थेट मंत्र्यांना भेटते, तुमच्या ४३ सह्यांना कोण विचारतंय? आमदारांकडे जावं का? पण तो वशिला लावणं झालं नाही का? की सरळ मोर्चा काढावा? का गप्प बसावं?
– मैदानामागची बाई

ताई,

आधी कामाचं, मग बाकीच्या गप्पा. तुम्ही निवेदन नगरसेवकांना दिलंत, नगरपरिषदेला नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमच्या ४३ जणांपैकी एकानेही अजून हरकत घेतलेली नाही. फोटो नगरसेवकांच्या मोबाइलमध्ये असेल. कागद बहुधा त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेशी ऊन खात पडला असेल. त्यांच्यावर रागावू नका, त्यांच्याकडे दिवसाला असे दहा कागद येतात. पण उद्या सकाळी नगरपरिषदेच्या आवक-जावक खिडकीवर जा. हरकतीच्या दोन प्रती न्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक. कारकून म्हणेल, "ठेवून जा बाई, नंबर टाकतो नंतर." ठेवून जायचं नाही. तिथेच उभं राहायचं. मागची रांग वाढली की नंबर पडतो.

हे मी खात्रीने सांगतो, कारण त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी आयुष्य काढलं. मंत्रालयात कारकून म्हणून लागलो, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोणत्या विभागात ते सोडून द्या, तिथली माणसं अजून माझ्याकडे दिवाळीला येतात.

बाहेरून बघणाऱ्याला सरकार म्हणजे मंत्री, बंगला, गाड्यांचा ताफा. आम्हाला ते फीत बांधलेल्या पुठ्ठ्यात दिसायचं. फाईलला दोन बाजू असतात. एकीकडे पत्रव्यवहार, म्हणजे बाहेरून आलेले कागद, पानांना क्रमांक घालून लावलेले. दुसरीकडे टिप्पणी. तिथे कारकून लिहितो, खाली कक्ष अधिकारी, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि शेवटी मंत्री. मंत्री बहुतेक वेळा पत्रव्यवहाराची बाजू उघडतच नाहीत. शेवटचा टिप्पणीचा परिच्छेद वाचतात आणि सही करतात. तेव्हा तुमचा कागद किती जळजळीत आहे, खाली सह्या किती आहेत, याला माझ्या मते फारच थोडी किंमत आहे. कारकुनाला त्यातलं काय टिप्पणीत उतरवता येतं, एवढंच बघायचं.

एक उदाहरण देतो, त्यात माझीच लाज आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक गठ्ठा आला. लाल कापडात बांधलेला, आत पाच हजारांवर सह्या, काही अंगठे. वर एक पान : 'आमच्यावरील अन्याय तात्काळ दूर करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' कोणता अन्याय, कोणत्या आदेशाने, त्यात काय बदलायचं, यातलं काहीही नाही. मी टिप्पणी लिहिली, 'प्रस्तुत निवेदन उचित कार्यवाहीस्तव क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवावे.' वर पाच सह्या झाल्या आणि गठ्ठा गेला. ताई, 'उचित कार्यवाहीस्तव' याचा सरकारी मराठीतला अर्थ, हे आमच्या टेबलावरून हलवा. पाच हजार माणसांनी उन्हातान्हात गोळा केलेल्या सह्या मी एका ओळीत निकालात काढल्या, आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवलोही नीट.

त्याच सुमारास एक निवृत्त प्राथमिक शिक्षक यायचे. एकटे. खांद्याला कापडी पिशवी. त्यांचा अर्ज दोनच पानांचा होता : अमुक तारखेचा शासन निर्णय, त्यातलं अमुक कलम, त्यामुळे आमच्या अकरा गावांना हा तोटा, त्या वाक्याऐवजी हे वाक्य घातलं तर तोटा टळतो आणि सरकारवर बोजा पडत नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं टिप्पणीत उतरवलं. मला डोकं चालवायचे कष्टच पडले नाहीत. पुढे फाईल वित्त विभागात अडकली, तर गुरुजी तिथल्या लिफ्टपाशी. एकदा फाईलमधून एक जोडपत्र गहाळ झालं होतं. त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढली आणि न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. चौदा महिन्यांनी शुद्धिपत्रक निघालं. त्यांच्या मागे ना पक्ष होता ना पैसा.

आता तुमच्या 'ह्यां'च्या मुद्द्याकडे येतो, कारण तो खोटा नाही. बिल्डरांच्या संघटना मंत्र्यांना भेटतात, आणि त्यांचं काम होतंही. २०२० मध्ये कोरोनाने घरविक्री थंडावली तेव्हा त्यांची मागणी एका ओळीची होती : मुद्रांक शुल्क कमी करा. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० ते तीन टक्क्यांनी कमी केलं आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी. जानेवारी २०२१ मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकामाच्या प्रीमियममध्ये, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भराव्या लागणाऱ्या रकमेत, निम्मी सवलत दिली, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत. यात घर घेणाऱ्यांचंही भलं झालं, नाही असं नाही. पण मागणी कशी मांडली होती ते बघा : आकडा ठरलेला, मुदत ठरलेली, नियम कोणता बदलायचा तेही ठरलेलं. गुरुजींचा दोन पानी अर्ज आणि हे, यांची जात एकच. फरक इतकाच, की गुरुजी एसटीने यायचे.

साखरवाल्यांचं तर आणखी बघण्यासारखं आहे. सहकारी कारखाने उसाला ठरलेल्या किमान दरापेक्षा जास्त भाव द्यायचे. हा जास्तीचा भाव खर्च समजायचा की नफ्याचं वाटप, यावर आयकर खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. सरकारं बदलली, अर्थमंत्री बदलले, कारखान्यांच्या संघटना तोच कागद घेऊन दिल्लीला जात राहिल्या. शेवटी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांचा तो भाव खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली. जवळजवळ १०,००० कोटी रुपयांचा दिलासा. मोर्चा नाही, घोषणा नाही. आपल्यापैकी किती जणांना ही बातमी आठवते?

पैशाचं मी झाकून ठेवणार नाही. पक्षांना कोण किती देणगी देतं हे निवडणूक रोख्यांमुळे लोकांना कळतच नव्हतं. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली, आणि मग याद्या बाहेर आल्या. अमेरिकेत सरकारदरबारी वजन टाकण्याचा धंदा करणाऱ्यांना १९९५ च्या कायद्याने स्वतःची नोंदणी करावी लागते, कोणासाठी किती पैसे घेऊन काम करतो ते जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे कोण कोणत्या केबिनमध्ये किती वेळ बसलं हे तुम्हाला कधी कळणार नाही. हा तोटा खराच आहे. पण माझ्या नोकरीत मी पाहिलेली बरीचशी कामं पाकिटाने झाली नाहीत. ती अशामुळे झाली की पलीकडच्या बाजूला एका माणसाला त्याच कामाचा पगार होता. तो दर आठवड्याला यायचा, आणि दुसरी बाजू एकदा येऊन फोटो काढून जायची.

म्हणून आता तुमचा कागद कसा असावा ते सांगतो.

आराखडा बघायला सोमवारी जा, दुपारी तीन ते पाच. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्था यांनी दर सोमवारी या वेळेत लोकांना अभिलेख बघू द्यावेत असं परिपत्रक सरकारने २०१८ मध्ये काढलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच ते माहीत नसतं, तेव्हा आवाज न चढवता आठवण करून द्या. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमच्याकडे १७ उरलेत. (अर्ज करताना एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. लोक चार पानी कैफियत लिहितात आणि अर्ज तेवढ्यावर परत येतो.)

नकाशावर तीन गोष्टी टिपून घ्या : सर्व्हे नंबर, जुन्या आराखड्यातला आरक्षण क्रमांक, आणि त्या जागेचा सध्याचा वापर म्हणून काय दाखवलंय. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. आराखडा करण्याआधी अस्तित्वातल्या जमीनवापराचा नकाशा करावा लागतो. त्यात तुमची बाभळी-गोलपोस्टची जागा 'रिकामी' किंवा 'पडीक' दाखवली असेल तर पहिली चूक तिथेच आहे. ती फोटो, तारखा आणि शाळेच्या सामन्यांच्या पत्रांनी दाखवून देता येते. पोरं तिथे रोज खेळतात हे तुम्हाला माहीत आहे, नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मग जमीन कोणाची ते बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक ऑनलाइन मिळतं. जागा नगरपरिषदेची असेल तर तुमचं पारडं जड. खासगी असेल तर जरा थांबा, कारण मग मालकाचीही बाजू आहे. कल्पना करा, तुमच्या सासऱ्यांची दोन एकर जागा पालिकेने वीस-पंचवीस वर्षं 'मैदान' म्हणून अडकवली, ना घेतली ना सोडली. आपल्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. महाराष्ट्रातली कितीतरी मैदानं अशीच गेली. कोणी चोरली नाहीत, नोटीस आली तेव्हा पालिकेकडे पैसे नव्हते आणि विचारणारं कोणी नव्हतं. तेव्हा त्या सोमवारी हेही विचारा : या जागेवर कलम १२७ ची नोटीस आली होती का, कधी, आणि तिचं काय केलंत?

नोटीस आली असेल तर तुमच्या हरकतीत नुसतं 'मैदान वाचवा' लिहून भागणार नाही. 'नव्या आराखड्यात आरक्षण पुन्हा ठेवावे आणि मालकाला मोबदल्यात टीडीआर द्यावा' असं लिहा. (टीडीआर म्हणजे दिलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, तो विकताही येतो.) म्हणजे कारकुनाला टिप्पणीत घालायला पर्याय मिळतो आणि मालक तुमचा शत्रू होत नाही. जमलं तर त्याला आधी जाऊन भेटा. चहा प्या. पुष्कळदा त्याला नुसता सुटका करून घ्यायचा मार्ग हवा असतो.

४३ सह्यांचं एक निवेदन देण्यापेक्षा ४३ वेगळ्या हरकती द्या. हरकत घेणाऱ्याला सुनावणीची नोटीस येते, आणि एकाच कागदावर सगळे असतील तर बहुधा पहिल्या सहीवाल्यालाच येते. पण ४३ झेरॉक्स देऊ नका, त्या एकत्र बांधून एकच धरतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी आपल्या मुद्द्यावर लिहावं. पावसात ते पाणी कुठे मुरतं हे ओव्हरसीअर साहेबांनी लिहावं, नकाशासकट. गावात माणशी किती मोकळी जागा उरते याचा हिशेब तुमच्या शिकवणीतल्या दहावीच्या पोरांकडून करून घ्या. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटरचं प्रमाण सुचवलंय, त्याच्याशी तुलना करा. भागाकार बरोबर आला तर त्यांना गुण द्या.

हरकतींनी खरंच काही होतं का, असं तुम्ही म्हणाल. मुंबईचं बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा काढला. त्यात वारसा वास्तू गायब, रस्ते भलतीकडूनच नेलेले, आरेची हिरवळ बांधकामाला खुली. नागरिक गटांनी वॉर्डावॉर्डात नकाशे उघडून बैठका घेतल्या, लोकांना आपली गल्ली शोधायला शिकवलं. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, अंतिम आराखडा लागू व्हायला २०१८ उजाडलं. आता याचं सगळं श्रेय मी साठ हजार कागदांना देणार नाही. वर्तमानपत्रांनी चुका रोज छापल्या, झाडून सगळे पक्ष विरोधात बोलले, आणि २०१७ ची महापालिका निवडणूक डोळ्यांसमोर होती. पण सरकारला माघार घ्यायची झाली तर हातात कारण लागतं, आणि ते कारण त्या गठ्ठ्यांनी पुरवलं.

तिथेच जानेवारी २०१६ मध्ये मैदानं आणि बागा खासगी संस्थांना 'दत्तक' द्यायचं धोरण पालिकेत मंजूर झालं. नागरिक गटांनी गिल्ला केला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. मात्र स्थगिती ही फार नाजूक वस्तू आहे, ताई. मी नोकरीत जितक्या स्थगित्या पाहिल्या त्यातल्या निम्म्या माणसं झोपल्यावर उठल्या.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना खात्याकडून नेमलेली चारपर्यंत जाणकार माणसं. तुम्हाला मिळतील तीन-चार मिनिटं. 'आमच्या मुलांचं भवितव्य' वगैरे बोलू नका, तुमच्या आधी तीस जण ते बोलून गेलेले असतात आणि समितीला जेवणाचे वेध लागलेले असतात. नकाशाचा तुकडा मोठा करून न्या, मैदान हिरव्या पेन्सिलीने रंगवा, पुढे सरकवा आणि सांगा : सर्व्हे नंबर अमुक, जुनं आरक्षण अमुक, आमची मागणी ते कायम ठेवण्याची, कारणं हरकतीच्या दुसऱ्या पानावर. मग गप्प बसा. कोणी प्रश्न विचारला तर समजा तुमचा कागद वाचलाय.

आमदारांकडे जाणं म्हणजे वशिला का, हा तुमचा प्रश्न मला आवडला, कारण तो पडणारी माणसं कमी झालीत. माझी कसोटी साधी आहे. जे चारचौघांत, लेखी मागता येतं तो वशिला नाही. माझ्या पुतण्याची बदली करा, हे दार लावून सांगावं लागतं. मैदान ठेवा, हे तुम्ही बाजारात उभ्या राहून सांगू शकता. तेव्हा जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. त्यांच्या नावाने नगरविकास विभागाला लिहायच्या पत्राचा मसुदा टाइप करूनच न्या, अर्धं पान. लोकप्रतिनिधीचं पत्र आलं की आमच्याकडे त्याची वेगळी नोंद व्हायची आणि वरून विचारणा व्हायची, 'आमदारांच्या पत्राला उत्तर गेलं का?' अधिवेशन जवळ असेल तर तारांकित प्रश्नाचाही, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाचाही, मसुदा द्या. प्रश्न सभागृहात पोचला नाही तरी चालतं. प्रश्न आला की खालपासून वरपर्यंत फाईल शोधावी लागते, आणि शोधलेली फाईल थोडे दिवस तरी वर राहते. विरोधी पक्षाच्या आमदारालाही तोच कागद द्या, आणि दोघांनाही तसं सांगून टाका. लपवाल तर दोघंही तुम्हाला तिसऱ्याची माणसं समजतील.

मोर्चाला माझा विरोध नाही, पण आत्ता नको. हरकतीची मुदत चालू असताना मोर्चा काढला तर ऐन कामाचे दिवस झेंडे-बॅनर-परवानगीत जातात. काढायचाच झाला तर मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेली माणसं, तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून शहरात शिरताना ती रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. सकाळी पेपरला जाणाऱ्या पोरांची वाट अडू नये एवढ्यासाठी. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले ते त्यामुळे. सरकारचे मंत्री बोलायला बसले, आणि नेत्यांनी तोंडी आश्वासन न घेता लेखी घेतलं, १२ मार्चला. तरीसुद्धा अंमलबजावणी रखडली म्हणून त्याच माणसांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा. लेखी कागद हातात असून ही गत. तुमच्या नगराध्यक्षांनी माइकवरून 'मैदान कुठेही जाणार नाही' म्हटलं तर टाळ्या वाजवा, पण घरी जाऊ नका. कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेला, ते विचारा.

न्यायालय शेवटी. तो रस्ता आहे हे माहीत असू द्या : बंगळुरूत एका वसाहतीतली उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, रहिवासी लढले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का, आणि पोच कुठे आहे.

शेवटचं एक, ते बहुतेक लोक विसरतात. समजा समितीने तुमचं ऐकलं. आराखडा त्यानंतर मंजुरीला राज्य सरकारकडे जातो आणि तिथे त्यात बदल होऊ शकतात. मोठे बदल पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली एका जागेपुरता फेरबदल करता येतो, महिन्याच्या नोटिशीने. ती नोटीस राजपत्रात आणि स्थानिक पेपरात बारीक टाइपात येते, 'हरवले आहे' आणि 'नावात बदल' यांच्या शेजारी. तुमच्या कॉलनीत एखादे निवृत्त गृहस्थ असतील, सकाळी दोन तास पेपर वाचणारे, घरच्यांना नको झालेले. त्यांना सांगा, काका, रोज जाहीर नोटिसांचं पान तेवढं बघा. त्यांना पद द्या, वाटलं तर शिक्काही करून द्या. आणि टाकलेल्या अर्जाचं काय झालं हे महिन्याने माहिती अधिकारात विचारायला एक शिकवणीतली मुलगी नेमा : 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, तो कोणाच्या टेबलावर किती दिवस होता?' फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा आहे. हा प्रश्न आला की आमच्या शाखेत चहा थंड व्हायचा.

नगरसेवकांनाही एक प्रत देऊन या, शिक्का मारलेली. या वेळी फोटो तुम्ही काढा.

सोमवारी जाताना जवळचा चष्मा न्या, आराखड्यावरची अक्षरं फार बारीक असतात. सोबत ओव्हरसीअर साहेबांना घ्या. आणि परत आलात की मला दोन ओळी लिहा : जमिनीचा मालक कोण निघाला, आणि आवक क्रमांक काय पडला.

तुमचा,
काका